रिकाम्या सुईची फेरी

१

काकूंच्या भरतकामाच्या दुकानातला कॉम्प्युटर सुरू होईपर्यंत काकूंची निम्मी कामे उरकत. सकाळी दुकान उघडले की आधी भिंतीवरचा स्विच, मग कॉम्प्युटरचे बटण, आणि मग त्याच्याकडे पाठ फिरवून त्या संसाराला लागत. खिडकीतल्या कुंड्यांना पाणी, काउंटरची धूळ, मास्तरांचा चहा, स्वतःचा चहा. पहिल्या कामाचे कापड यंत्राच्या रिंगेत ताणून बसवणे. एवढे होऊनही पडद्यावरचे वाळूचे घड्याळ आपले उलटेपालटे होतच असे.

"बटण दाबून मी माहेरपण करून आले तरी हा उठायचा नाही," काकू गिऱ्हाइकांना सांगत.

"माझ्यावर गेलाय," मास्तर म्हणत. मास्तर म्हणजे काकूंचे यजमान. जन्मभर शाळेत चित्रकला शिकवली आणि आता दुकानासाठी नक्षी काढत.

नवा कॉम्प्युटर घेऊन भागणार नव्हते. भरतकामाचे यंत्र चांगले धडधाकट होते, पण ते या जुन्या सिस्टिमशिवाय कुणाचे ऐकत नसे, आणि नव्या कॉम्प्युटरला त्याची जाडजूड केबल खुपसायला भोकसुद्धा नव्हते. तेव्हा जुन्याचीच मलमपट्टी करायची. त्यासाठी वैद्यबाई होती.

वैद्यबाई काही खरी वैद्य नव्हे. म्हातारे कॉम्प्युटर बरे करते म्हणून काकूंनी तिला ते नाव ठेवले आणि ते चिकटले. खांद्याला पिशवी, पिशवीत पेचकस, ब्रश आणि रॅमच्या दोन-चार पट्ट्या. त्या सकाळी ती आली तेव्हा मास्तर हताश होऊन पडद्यावरच्या घड्याळाकडे बघत होते.

"म्हातारा झालाय बिचारा," ते म्हणाले.

"कॉम्प्युटर म्हातारा होत नाही मास्तर, लठ्ठ होतो," वैद्यबाई म्हणाली आणि बाह्या सरसावून बसली.

तेवढ्यात छतावर दोन ठोके पडले. ठक, ठक.

"आली फर्माईश," काकू म्हणाल्या. "वर जाऊन जरा गप्पा मारून ये गं आधी. नाहीतर ती जमीन फोडून खाली यायची."

वरच्या खोलीत काकूंची लेक होती. लहानपणी एका जागी म्हणून ठरायची नाही, म्हणून तिचे नाव भिंगरी पडलेले. आणि आता तिलाच पलंगावर पडून राहायची शिक्षा झाली होती. सातवा महिना होता. मागच्या खेपेला पाचव्यातच सगळे आटोपले होते, म्हणून डॉक्टरीणबाईंनी या वेळी तिला पायऱ्या उतरायची बंदी केली होती. नवरा परगावी नोकरीला, सुट्टीला यायचा. मग भिंगरीने छत्री घेतली आणि ठोक्यांची भाषा बसवली. एक ठोका म्हणजे पाणी, दोन म्हणजे गप्पा मारायला या. तीन ठोके म्हणजे हातातले टाकून धावा. तीन अजून कधी पडले नव्हते. पण एक पडला की दुसऱ्याची वाट बघताना आणि दोन पडले की तिसऱ्याची वाट बघताना, काकू श्वास रोखून धरत. हे एवढे एक सोडले तर घर हसतेखेळते होते.

घरात आणखी एक नियम होता, आणि तो काकूंचा होता. बाळ हातात येईपर्यंत त्याच्यासाठी एकही टाका घालायचा नाही. मागच्या वेळी त्यांनी हौसेने बदकांची रांग भरली होती आणि नंतर ती स्वतःच्या हाताने उसवली होती. धागा उसवता येतो. भोके उसवता येत नाहीत.

२

वैद्यबाईने दिवसभर कॉम्प्युटरची झाडलोट केली. पंख्यातली धूळ काढली, रॅमची एक पट्टी वाढवली, वर्षानुवर्षे साठलेला कचरा पुसला, डिस्कवर विखुरलेल्या फायली एकामागोमाग एक लावून दिल्या. खिडक्यांच्या सावल्या आणि सरकत येणारे मेनू असला थाटमाट बंद केला. मग सुरू होतानाच मागे लागणारे प्रोग्रॅम एकेक करून हाकलले. प्रत्येक वेळी कॉम्प्युटर पुन्हा सुरू करून ती विचारी, "काकू, कुठवर आलात?"

"कुंड्या झाल्या, धूळ झाली, चहा उकळतोय."

पुढच्या वेळी: "धूळ झाली."

त्याच्या पुढच्या वेळी काकू पाण्याचा तांब्या घेऊन खिडकीशी पोहोचतात न पोहोचतात तोच कॉम्प्युटर तयार! मास्तरांनी टाळ्या वाजवल्या. इथे थांबली असती तर ही गोष्टच झाली नसती. पण कामाची खाज वाईट. स्टार्टअपच्या यादीत तळाशी एक शेवटचा प्रोग्रॅम उरला होता. त्याला नाव नव्हते. नावाच्या जागी मोकळी जागा, शेजारी वाळूच्या घड्याळाचे बारके चित्र. मेमरी खात नव्हता, डिस्कला हात लावत नव्हता.

"हा काय करतो गं?" मास्तरांनी चष्मा वर करून विचारले.

"काहीच नाही. नुसता थांबतो."

"मग राहू दे की. गरिबाचं काय जातंय?"

"फुकट बसून खाणारा नको," वैद्यबाई म्हणाली आणि तिने तोही काढला. तिची एक सवय मात्र चांगली होती. ती काही पुसून टाकत नसे. काढलेली प्रत्येक वस्तू ती 'अडगळ' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवी. हाही तिथे गेला. त्यानंतर त्या पडद्यावर वाळूचे घड्याळ दिसेनासे झाले.

३

दुसऱ्या दिवशी काकूंनी भिंतीवरचा स्विच दाबला आणि कॉम्प्युटरच्या बटणाकडे बोट नेले. बोट हवेतच राहिले. पडद्यावर सगळे उघडून, मांडून तयार होते.

"अहो, काल बंद नाही का केलात?"

"केला की. भिंतीवरून केला," मास्तर म्हणाले.

दोघांनी एकमेकांकडे असे पाहिले, की विसरभोळेपणा तुझा की माझा. तीस वर्षांच्या संसारात हा वाद कधीच सुटलेला नव्हता, त्यामुळे तो तिथेच राहिला.

मग तलावावर पोहायला शिकवणाऱ्या सरांच्या टॉवेलची गंमत झाली. त्यांना संघाच्या कप्तान मुलीसाठी नाव घातलेला टॉवेल हवा होता, पण कप्तान कोण ते ठरायचे होते. दोघींत चुरस होती. "नाव उद्या सांगतो," म्हणून ते टॉवेल ठेवून गेले. सकाळी उठून काकूंनी सवयीप्रमाणे तो रिंगेत ताणला आणि चहा ठेवायला आत गेल्या. बाहेर आल्या तो निळ्या धाग्यात नाव भरून तयार. काकूंना वाटले मास्तरांनी भरले. मास्तरांना वाटले काकूंनी. सर आले, टॉवेल बघून त्यांनी आ वासला.

"तुम्हाला कोणी सांगितलं? मी तर आत्ता तुमच्या पायऱ्या चढताना ठरवलं!"

"आमचं दुकान चालू आहे का उगीच?" मास्तरांनी ठोकून दिले, आणि सगळे पोट धरून हसले. वरून दोन ठोके पडले, कारण हसायचे कारण भिंगरीलाही हवे होते.

असे होत गेले. परिचारिकांचे डगले, बेकरीवाल्याचे एप्रन, कुणाच्या सासूसाठी उशीचा अभ्रा. गिऱ्हाईक दारात, काम हातात. लोक जादूचा खेळ बघायला यावे तसे येऊ लागले. काकूंच्या कुंड्या मात्र सुकू लागल्या, कारण आता पाणी घालायला फुरसतच होत नव्हती. हे प्रथम भिंगरीच्या लक्षात आले. खिडकीतल्या वेलाची वर पोहोचलेली शेंडी पिवळी पडली होती.

४

काकूंनी वैद्यबाईला बोलावले ते तक्रारीसाठी नाही, कौतुकासाठी. पण टॉवेलची हकीकत ऐकून तिच्या हातातला कप मध्येच थांबला.

तिने आधी शहाणी माणसे शोधतात तेच कारण शोधले. आतल्या घड्याळाची बॅटरी गेली असणार, वेळ पुढे पळत असणार. घड्याळ पाहिले तर ते बरोबर होते. भरलेल्या नक्षीच्या फायली पाहिल्या. सगळ्यात वरच्या फाईलवर उद्या दुपारची वेळ होती. तिने तरीही बॅटरी बदलली. फाईलवरची वेळ उद्याचीच राहिली.

मग तिने माउस हातात घेतला. मेनू उघडला. तिच्या लक्षात आले, की आधी मेनू उघडला आणि मग तिचे बोट खाली गेले.

'भास,' ती स्वतःशी म्हणाली. तिने बोट माउसवर ठेवले आणि पक्के ठरवले की दाबायचे नाही. मेनू उघडला नाही. झाले, तिने सुटकेचा निःश्वास टाकला. तेवढ्यात तिच्यासमोर मेनू फडकन उघडला. ती बघतच राहिली. दुसऱ्याच क्षणी काकूंनी चिवड्याची बशी टेबलावर सरकवली, बशी तिच्या कोपराला लागली, आणि बोट खाली दाबले गेले.

टिक.

दुकान उन्हाने भरले होते. शेल्फावर रिळे रंगांनुसार मांडलेली होती. मास्तर शिट्टी वाजवत पेन्सिलीला टोक काढत होते. भीती वाटावी असे तिथे काहीही नव्हते, आणि वैद्यबाईच्या मानेवरचे केस उभे राहिले होते.

"काकू, मी एक गोष्ट परत बसवते. थोडा हळू होईल हा."

"आता गं बाई! आत्ता कुठे सुख लागलंय जिवाला. राहू दे की."

आणि वैद्यबाईने राहू दिले. खरे सांगायचे तर तिच्या कामाचे इतके कौतुक आजवर कुणी केले नव्हते, आणि ते गोड लागत होते.

५

थोड्या वेळाने दोरीवरचे वाळलेले धुणे काढून घेऊन काकू दुकानात आल्या. त्यात वर एक पिवळे दुपटे होते, मऊ, कोरे. बाळासाठी आणून धुऊन ठेवण्यापुरती नियमाची हरकत नव्हती. काकू वैद्यबाईशी बोलत होत्या, भिंगरी दुपारी किती जेवली त्याचे वर्णन चालले होते. समोर रिंग रिकामी होती. रिकामी रिंग दिसली की काकूंचे हात स्वस्थ बसत नसत. इतकी वर्षे कॉम्प्युटर उठायची वाट बघत त्यांनी हेच केले होते. दुपट्याला एक सुरकुती होती. ती त्यांनी ताणली, रिंग बसवली, खटका लावला. तोंड चालूच होते.

यंत्र सुरू झाले.

शिवण्याआधी हे यंत्र एक फेरी मारते. सुई वर उचललेली, रिकामी, आणि कापड तिच्याखाली चौकटीत फिरते, नक्षी किती जागा घेणार ते दाखवायला. एकच नाव असेल तर चौकट बुटकी, पट्टीसारखी. आडवे सरकणे लांब आणि उभे अगदी थोडे. झुंईं, टक, झुंईं, टक. घरातल्या सगळ्यांना हा आवाज झोपेतही कळे.

पिवळे दुपटे आडवे सरकले. मग उभे सरकू लागले, आणि सरकतच राहिले.

मास्तरांची शिट्टी थांबली.

दोन ओळी. दुकानात दोन ओळींचे काम एकाच प्रकारचे येई. कुणाच्या आठवणीसाठी भरलेले रुमाल. वर नाव, आणि त्याखाली बारक्या अक्षरात आल्याचे साल आणि गेल्याचे साल.

सुई खाली आली. टुक, टुक, टुक. केशरी धागा दुपट्यात शिरला.

वैद्यबाई टेबलाखाली झेपावली आणि तिने भिंतीतून प्लग उपटला. पण त्याआधी, खाली वाकता वाकता, तिची नजर पडद्यावरून गेली. वरची ओळ मोठी, खालची लहान. खालची अक्षरे होती की आकडे, ते तिला शपथेवर सांगता आले नसते. पडदा काळा झाला.

वरून ठोका पडला. एक. दुसरा. काकूंनी जिन्याचा कठडा घट्ट धरला.

तिसरा पडला.

६

तिघेही जिन्यावर एकमेकांना ढकलत वर पोहोचले. भिंगरी उशीला टेकून बसली होती. गाल लाल, डोळे भरलेले, हातात छत्री.

"काय होतंय? पोटात दुखतंय?" काकूंनी तिचे पाय, हात, कपाळ सगळे चाचपले.

"काही दुखत नाहीये गं. यंत्र मध्येच का बंद केलंत?" तिने विचारले. मग हळूच म्हणाली, "दोन ओळींचं होतं ना? ऐकलं मी."

मास्तर खिडकीबाहेर बघू लागले. काकूंना रडू आवरेना. "माझ्याच हातानं ताणलं गं मी ते. माझ्याच हातानं."

"आई, इकडे बघ. बाळ लाथा मारतंय, हात ठेव. काय आहे ते मला आधी नको कळायला. जेव्हा येईल तेव्हा येईल ते." मग ती वैद्यबाईकडे वळली. "ताई, तो पूर्वीसारखा होईल का? आम्हाला हळूच बरा होता."

वैद्यबाई खाली आली. प्लग लावण्याआधी तिने केबल सोडवली, यंत्र वेगळे केले, आणि पडद्यावर काही दिसायच्या आत नजर खाली घातली. दिसत राहिली फक्त कीबोर्डवरची बोटे. नक्षीच्या फायलीकडे तिने बघितले नाही. पाठ असलेली बटणे दाबत 'अडगळ' उघडली, बिननावाचा तो प्रोग्रॅम उचलला आणि पुन्हा यादीच्या तळाशी नेऊन बसवला. कॉम्प्युटर बंद केला. बटण दाबले.

काळा पडदा. आतून डिस्कची कुरकुर. आणखी काळा पडदा. मग मधोमध ते बारके वाळूचे घड्याळ आले, आणि उलटे झाले, आणि सुलटे झाले.

"आला! थांबायला लागला!" मास्तर ओरडले. परीक्षेत नापास झालेला पोरगा दुसऱ्या खेपेला पास व्हावा तसा त्यांना आनंद झाला. काकूंनी डोळे पुसले, तांब्या उचलला आणि त्या कुंड्यांना पाणी घालायला गेल्या. कुंड्या झाल्या, धूळ झाली, चहा झाला, तरी घड्याळ फिरतच होते. इतका सावकाश चहा त्या घरात बऱ्याच दिवसांनी प्यायला गेला.

केशरी टाके काकूंनी उसवले नाहीत. दुपटे घडी करून कपाटात ठेवले.

खालची ओळ आपल्या नजरेस पडली होती, हे वैद्यबाईने कुणाला सांगितले नाही. त्यानंतर काकूंचा फोन असला की ती उचलण्याआधी खुर्चीत बसून घेई.

७

मुलगी झाली. ठणठणीत, आवाजाला आईवर गेलेली. फोनवर काकू काय बोलत होत्या ते वैद्यबाईला कळतच नव्हते, मागून नातीचा टाहो तेवढा ऐकू येत होता, आणि तेवढा तिला पुरेसा होता. खुर्चीत बसलेली होती तिथेच ती खुदकन हसली आणि मग ढसाढसा रडली.

भिंगरी बाळाला घेऊन दुकानात उतरली त्या दिवशी सगळे जमले. जावई रजा काढून आलेला. वैद्यबाईला मानाची खुर्ची. मास्तरांनी नावाची नक्षी काढून ठेवली होती. घरातल्यांनी महिनाभर भांडून ठरवलेली सगळी नावे बाजूला पडली होती आणि भिंगरीने बाळाला बघताक्षणी भलतेच ठेवले होते. काय, ते बाळालाच विचारा.

काकूंनी स्विच दाबला, बटण दाबले. घड्याळ फिरू लागले. सगळे थांबले. जावयाचे जांभया देणे सुरू झाले.

"जरा फास्ट करता येणार नाही का हा?" त्याने विचारले.

"नाही!" चौघे एका सुरात ओरडले, आणि बाळ दचकून रडायला लागले. मग तिला गप्प करण्यात कॉम्प्युटर कधी सुरू झाला ते कळलेच नाही.

"बाबा, खाली आणखी एक ओळ घालायची," भिंगरी म्हणाली. "बारीक अक्षरात."

काकूंनी पदर तोंडाशी नेला.

"पहिल्याचं नाव. मी ठेवलं होतं. कुणाला सांगितलं नव्हतं." तिने वडिलांच्या कानात सांगितले. मास्तरांनी आधी चष्मा पुसला. मग त्यांनी ते नाव खाली टाईप केले, एकेक अक्षर शोधत.

काकूंनी पिवळे दुपटे रिंगेत ताणले. अंदाजाने, हाताला आले तसे, मोजमाप न करता. यंत्राने रिकाम्या सुईने फेरी मारली. आडवी, मग उभी, बराच वेळ उभी. मग सुई खाली आली.

वैद्यबाई कान देऊन ऐकत होती. सुई कोऱ्या कापडात शिरते तेव्हा टुक असा आवाज होतो. तो आला नाही. सुई खाली-वर होत होती, केशरी धागा केशरी धाग्यावर बसत होता, पण कापड टोचल्याचा आवाज नव्हता. प्रत्येक टाका आधीच्या भोकात जात होता. तिने काकूंकडे पाहिले. काकूंनाही तो टुक ऐकू आला नव्हता, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते.

मग जुने टाके संपले, आणि टुक, टुक, टुक सुरू झाले.

वरचे नाव भरून झाले. यंत्र क्षणभर थांबले, एक ओळ खाली उतरले आणि दुसरे नाव भरू लागले. भिंगरीने बाळाला उचलून पुढे धरले.

"बघ," ती म्हणाली, "हा तुझा दादा."